सहकारी बँकेतला एससीसीएम आणि त्याखालचा एसक्यूएल: सांगलीतलं एक अपग्रेड प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतली एक नागरी सहकारी बँक. नाव घेत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. मुख्य कार्यालय विश्रामबाग भागात, शाखा तीसेक, मिरज-कुपवाड-तासगाव-विटा करत पार जत आणि आटपाडीपर्यंत. सगळे मिळून चारशेच्या आसपास पीसी. सीबीएस (रोजचे व्यवहार ज्यावर होतात ते कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर) वेंडरच्या डेटा सेंटरमध्ये चालतं, बँकेच्या इमारतीत ते नाहीच, हा मुद्दा पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

बँकेच्या स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये दोन डोमेन कंट्रोलर (पीसी आणि युजरची ओळख सांभाळणारे सर्व्हर), एक फाइल सर्व्हर आणि हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टचं आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक व्हर्च्युअल मशीन, त्यात एससीसीएम, म्हणजे सगळे पीसी एका जागेवरून सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टनं नाव बदलत बदलत आता कॉन्फिगरेशन मॅनेजर ठेवलंय पण ईडीपी (संगणक) विभागात आजही तसं कोणी म्हणत नाही. १९९४ ला हे प्रॉडक्ट सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर म्हणून आलं तेव्हाचं एसएमएस अजून सर्व्हिसच्या नावात आणि लॉगमध्ये सगळीकडं आहे, त्यामुळं नवीन पोरं पहिल्यांदा गोंधळतातच. बँकेत त्याची कामं तीन: पॅचेस (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) शाखांपर्यंत पोचवणं, कुठल्या पीसीवर काय सॉफ्टवेअर आहे त्याची यादी ठेवणं, आणि नवीन पीसी आला की इमेज (विंडोजची तयार प्रत) टाकणं. सगळं एकाच मशीनमध्ये कोंबलेलं, साइट सर्व्हर (एससीसीएमच्या मांडणीला साइट म्हणतात, तिचा मुख्य सर्व्हर) तोच, एसक्यूएल (त्याचा डेटाबेस) तिथंच, डब्ल्यूसस (मायक्रोसॉफ्टचे पॅच आणणारी सेवा) तिथंच, रिपोर्टिंग सर्व्हिस पण तिथंच. छोट्या ठिकाणी असंच असतं आणि माझ्या मते त्यात वावगं काही नाही, चारशे पीसींसाठी वेगळा डेटाबेस सर्व्हर घ्यायचा म्हणजे उगाच खर्च.

आम्ही बाहेरून सपोर्ट देणारे. बँकेच्या बाजूनं ईडीपी मॅनेजर साहेब आणि त्यांच्या हाताखाली दोन मुलं. एवढीच टीम.

अडचण काय होती

२०२४ च्या आयएस (माहिती प्रणाली) ऑडिटमध्ये या सर्व्हरवर शेरा आला, सपोर्ट संपलेलं सॉफ्टवेअर वापरात. शेरा एका ओळीचा पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलेला. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा ९ जुलै २०२४ ला संपणार. आणि एससीसीएमचं २२११ वर्जन, या प्रॉडक्टच्या प्रत्येक वर्जनला १८ महिने सपोर्ट असतो, म्हणजे त्याची मुदत पण जून २०२४ मध्येच भरली. नागरी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं सायबर सुरक्षेचं परिपत्रक १९ ऑक्टोबर २०१८ चं आहे, त्यात पॅच आणि मालमत्तेची यादी दोन्ही मागितलंय, आणि ही दोन्ही कामं ज्या सर्व्हरवर चालतात तोच सर्व्हर स्वतः पॅचविना. ऑडिटर हसला नाही एवढंच.

तिन्हींची गुंतागुंत अशी की एक सोडून दुसरं करता येत नाही. एससीसीएम २४०३ वर जायचं तर २०१२ आर२ वर साइटचे रोल (तिची वेगवेगळी कामं करणाऱ्या सेवा) चालत नाहीत, म्हणजे आधी ओएस (विंडोज). एसक्यूएल २०१९ टाकायचा तर त्याला विंडोज सर्व्हर २०१६ किंवा वरचं लागतं, म्हणजे तिथंही आधी ओएस. आणि २०१२ आर२ वरून थेट उडी तेव्हा २०१९ पर्यंतच मारता यायची, २०२२ वर जायचं तर मध्ये एक मुक्काम करायला लागायचा. क्रम आपोआप ठरला: ओएस, मग एसक्यूएल, मग एससीसीएम. २२११ ला विंडोज सर्व्हर २०१९ पण चालतं आणि एसक्यूएल २०१९ पण चालतो, म्हणून हा क्रम जमणारा होता. उलट्या क्रमानं गेलं असतं तर पहिल्याच पायरीवर अडकलो असतो.

भीती कशाची होती, आणि कशाची असायला हवी होती

पहिल्या मीटिंगमध्ये सीईओ साहेबांचा प्रश्न एकच, "सोमवारी सकाळी काउंटर चालू होतील का?" प्रश्न बरोबरच आहे, पण उत्तर त्यांना वाटत होतं तसं नव्हतं. एससीसीएम दोन दिवस बंद राहिला तर काउंटरवर कोणाला कळणारसुद्धा नाही. कॅश घेणं, पासबुक भरणं, डे-एंड, सगळं सीबीएसवर, आणि ते दुसरीकडं. फार तर पॅच दोन दिवस उशिरा जातील, एखादा नवीन पीसी खोक्यात पडून राहील.

खरी भीती उलटी. हा सर्व्हर बंद असण्यात धोका नाही, अर्धवट अवस्थेत चालू असण्यात आहे. कारण हा एकमेव सर्व्हर असा की जो चारशे पीसींना एकाच वेळी हुकूम देऊ शकतो, आणि ते ऐकतात. मेंटेनन्स विंडो (पीसीवर बदल करायला परवानगी असलेली ठरावीक वेळ) पुसली गेली आणि मुदत उलटलेलं रिक्वायर्ड डिप्लॉयमेंट (सक्तीनं पाठवलेलं इन्स्टॉलेशन) जागं झालं तर सकाळी साडेदहाला रांग लागलेली असताना सगळ्या शाखांतले पीसी रीस्टार्ट मागायला लागतात. मग सीईओ साहेबांची भीती खरी होते, फक्त कारण वेगळं.

हे पटलं आणि पुढचे सगळे निर्णय बदलले. बंद राहण्याचा वेळ कमी करायच्या मागं कोणी लागलं नाही, सर्व्हर जागा होताना तो काय बोलेल यावर जास्त वेळ घातला. साहेबांनी मुलांना बसवून सगळ्या रिक्वायर्ड डिप्लॉयमेंट्सची यादी काढायला लावली: कुठल्या कलेक्शनवर (पीसींच्या गटावर), मुदत कधीची, विंडो पाळणार का मोडणार. त्या यादीत एक रत्न सापडलं. विंडोज १० ची इमेज टाकणारा टास्क सिक्वेन्स (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची यादी), 'ऑल अननोन कॉम्प्युटर्स' या कलेक्शनवर, रिक्वायर्ड म्हणून लावलेला. कोणी लावला, कधी, पत्ता नाही. याचा अर्थ सर्व्हरला ओळख नसलेला कुठलाही पीसी नेटवर्कवरून बूट झाला की न विचारता फॉरमॅट. इतकी वर्षं काही झालं नाही कारण शाखांत नेटवर्क बूट बंद असतं. पण समजा रिस्टोअर करायची वेळ आली आणि जुन्या डेटाबेसमध्ये मधल्या काळात आलेले पीसी नसले, तर ते पीसी सर्व्हरच्या लेखी अननोनच की. तो लगेच रिक्वायर्डचा अवेलेबल केला, म्हणजे सक्ती काढून ऐच्छिक. अपग्रेड झालंच नसतं तरी एवढ्या एका शोधासाठी ती यादी काढणं वसूल होतं.

पर्याय

चार बघितले.

पहिला, त्याच मशीनवर एकावर एक तिन्ही अपग्रेड. स्वस्त, नाव तेच, साइट कोड (साइटची ओळख) तोच, कंटेंट लायब्ररी (पीसींना पाठवायच्या फाइलींचा साठा) जागच्या जागी. तोटा हा की एसक्यूएल एकदा वर गेला की मागं येत नाही. २०१४ च्या डेटाबेसचा आतला वर्जन नंबर ७८२, २०१९ चा ९०४, आणि ९०४ चा बॅकअप २०१४ वर रिस्टोअर होतच नाही. मागं यायचं तर आधीची पूर्ण प्रतच लागते.

दुसरा, नवीन मशीन उभं करायचं, त्याला तेच नाव द्यायचं, आणि साइट रिकव्हरी करायची, म्हणजे बॅकअपमधून साइट परत उभी करायची. स्वच्छ काम, जुनं मशीन जसंच्या तसं बंद करून ठेवता येतं. पण बारकावे बरेच. वर्जन तेच लागतं, ड्राइव्हचे अक्षर तेच लागतात, साइटच्या बॅकअपमध्ये कंटेंट लायब्ररी येत नाही ती वेगळी न्यावी लागते, सगळ्या अकाउंटचे पासवर्ड परत टाकायला लागतात. शिवाय नवीन मशीन त्याच नावानं डोमेनला जोडलं की कॉम्प्युटर अकाउंटचा पासवर्ड बदलतो, म्हणजे जुनं मशीन परत उठवायची वेळ आली तर त्याचा डोमेनशी विश्वास तुटलेला, तो आधी दुरुस्त करा. कागदावर सोपं दिसणारं रोलबॅक प्रत्यक्षात तेवढं सोपं नाही.

तिसरा, नवीन साइट कोडनं शेजारी नवी साइट, आणि पीसी हळूहळू तिकडं. मोठ्या ठिकाणी ठीक. इथं इन्व्हेंटरीचा इतिहास गेला असता आणि ऑडिटला नेमका तोच दाखवायचा असतो.

चौथा, सगळं सोडून इंट्यूनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या पर्यायावर. संचालक मंडळात एकानं विचारलंच, "ढगात टाकून द्या की सगळं." जत-आटपाडीकडच्या लाइन, लायसन्सचा दरवर्षीचा खर्च, आणि क्लाउडला मंडळाची मंजुरी, तिन्ही प्रश्न एका शेऱ्याच्या मुदतीत सुटणारे नव्हते. विषय बंद नाही केला, पुढं ढकलला.

दुसरा आणि पहिला यात बराच खल झाला. मला स्वतःला दुसरा आवडतो. पण इथं पहिला घ्यायचं ठरलं, दोन अटींवर: एक, आधी पूर्ण रंगीत तालीम क्लोनवर (मशीनच्या हुबेहूब प्रतीवर). दोन, प्रत्यक्ष कामाआधी मशीन शटडाउन करून त्याचा एक्सपोर्ट वेगळ्या स्टोरेजवर. चालू मशीनचा स्नॅपशॉट नाही, बंद मशीनची प्रत. डेटाबेस त्याच मशीनमध्ये असल्यानं बंद प्रतीत सगळं एका क्षणाचं असतं, हा एकत्र कोंबण्याचा एक फायदा.

तारखेचा घोळ

बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, म्हणजे सलग दोन दिवस मिळतात. दुसरा शनिवार घ्यायचा नाही हे लगेच ठरलं, कारण मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि तो आठवडा याच सर्व्हरच्या कामाचा. जुलैचा चौथा शनिवार पावसामुळं बाद. कोयनेतून पाणी सोडलं की सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पातळीवर, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं कोणी विसरलं नाही. पातळी वाढायला लागली की ईडीपीची मुलं नदीकडच्या शाखांतले पीसी वरच्या मजल्यावर चढवत असतात, त्यांना सर्व्हर रूममध्ये कोण बसवणार. सप्टेंबरचा चौथा शनिवार अर्धवार्षिक क्लोजिंगला चिकटलेला. राहिला ऑगस्टचा चौथा.

पण दोन दिवसांत तिन्ही? मी म्हटलं ओएस आणि एसक्यूएल शनिवार-रविवारी करू, एससीसीएमचं अपग्रेड वेगळं, आणि ते सुट्टीत नको, कामाच्या दिवशी संध्याकाळी. साहेबांना आधी हे उलटंच वाटलं. पण काउंटरला धक्का लागत नाही हे एकदा मान्य केल्यावर सुट्टी कशाला? कामाच्या दिवशी फायरवॉलवाला फोन उचलतो, लाइनवाला उचलतो. रविवारी कोणी उचलत नाही.

तालीम

क्लोन घेतला, सोबत एका डोमेन कंट्रोलरचा पण क्लोन, आणि दोघांना अशा व्हर्च्युअल स्विचवर ठेवलं ज्याला बाहेरची वायरच नाही. हे फार महत्त्वाचं. क्लोन चुकून खऱ्या नेटवर्कवर आला तर एकाच नावाचे दोन सर्व्हर आणि त्यातला एक चारशे पीसींशी बोलायला बघणार.

तालमीत तीन गोष्टी कळल्या.

सी ड्राइव्हवर जागा नव्हती, ओएस अपग्रेड सुरूच होईना. आयआयएसचे (विंडोजच्या वेब सर्व्हरचे) वर्षानुवर्षांचे लॉग साठलेले. किरकोळ.

दुसरी गोष्ट एसक्यूएलची. २०१९ चा सेटअप रिपोर्टिंग सर्व्हिसपाशी थांबला. २०१७ पासून रिपोर्टिंग सर्व्हिस एसक्यूएलच्या सेटअपमधून बाहेर काढून वेगळी केलीये, म्हणून जुन्या इन्स्टन्समध्ये (आधी बसवलेल्या एसक्यूएलमध्ये) ती असेल तर सेटअप सांगतो आधी ती काढा. मग क्रम असा लावला: एससीसीएममधून रिपोर्टिंगचा रोल काढायचा, रिपोर्टिंग कॉन्फिगरेशनमधून एन्क्रिप्शन की चा बॅकअप घ्यायचा, मग फक्त तेवढं फीचर अनइन्स्टॉल, रिपोर्टसर्व्हरचे दोन्ही डेटाबेस जागेवरच राहतात, मग इंजिनचं अपग्रेड, मग रिपोर्टिंग सर्व्हिसचा वेगळा सेटअप, त्याच डेटाबेसला जोडून की परत. की चा बॅकअप नसता तर रिपोर्टमध्ये साठवलेले कनेक्शनचे पासवर्ड गेले असते. आणि त्या वेगळ्या सेटअपमध्ये प्रॉडक्ट की मागतो तिथं घाईत इव्हॅल्युएशन निवडलं तर आज चालतं आणि १८० दिवसांनी बंद पडतं, म्हणून चेकलिस्टमध्ये ही ओळ लाल केली.

तिसरी बॅकअपची. साइट बॅकअपचा टास्क रोज यशस्वी दाखवत होता, पण जायचा कुठं तर त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर, आणि हा टास्क रोज कालच्यावरच लिहितो. म्हणजे हातात कायम एकच प्रत, तीही त्याच मशीनमध्ये. तालमीत तो बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघितला, चेकडीबी (डेटाबेस खराब नाही ना ही तपासणी) लावला, स्वच्छ निघाला. मग आफ्टरबॅकअप बॅच फाइल (बॅकअप संपला की आपोआप चालणारी) लिहून रोजची प्रत तारखेनं फाइल सर्व्हरवर जायला लागली.

एसक्यूएल २०१९ साठी एससीसीएमला किमान सीयू ५ (एसक्यूएलचा पाचवा एकत्रित अपडेट) लागतो, स्केलर फंक्शनच्या इनलायनिंगमधला एक दोष त्यात सुटलाय. आम्ही त्यावेळचा ताजा सीयू सेटअपच्या सोबतच दिला, म्हणजे कच्चा २०१९ एक मिनिट पण साइटच्या हातात जाऊ नये.

पहिला टप्पा: शनिवार-रविवार

एका कागदावर वेळा लिहून त्यावर साहेबांची सही घेतली. शनिवारी दुपारी ४ पर्यंत ओएस झालं नाही तर एसक्यूएलला हात लावायचा नाही. रविवारी दुपारी १ नंतर एसक्यूएल सुरू करायचा नाही, आणि १ पर्यंत तो नीट झाला नसेल तर बंद प्रत परत उठवायची.

शुक्रवारी काम संपल्यावर ऑटोमॅटिक डिप्लॉयमेंट रूल (पॅच आपोआप पाठवणारे नियम) डिसेबल, पॅचच्या डिप्लॉयमेंट डिसेबल, क्लायंटचं (पीसीवर बसवलेल्या एससीसीएमच्या भागाचं) आपोआप अपग्रेड बंद, साइटचे मेंटेनन्स टास्क बंद. मग सर्व्हिसेस थांबवून शटडाउन आणि एक्सपोर्ट. डब्ल्यूससचा रोल काढून टाकला, त्याचा डेटाबेस इतका फुगलेला होता की नवीन रिकामा घेणं परवडलं.

शनिवारी ओएस तालमीपेक्षा खूप सावकाश चाललं. का, तर फाइल सर्व्हरचा आठवड्याचा फुल बॅकअप त्याच स्टोरेजवर शनिवारी चालतो. तालीम मंगळवारी घेतलेली त्यामुळं तिथं हे दिसलंच नाही. ४ वाजले, टक्के चढतायत पण संपत नाही. साडेपाचच्या पुढं एकदाचं लॉगिन आलं.

आता इथं खरा निर्णयाचा क्षण. साहेब म्हणाले, "एवढं झालंय तर पुढं जाऊया की ओ, रात्रभर बसतोय आम्ही." मुलांची पण तयारी, वडापाव आलेला, उत्साह होता. आणि तालमीत एसक्यूएल सरळ गेलेला, त्यामुळं मोह मोठा. पण विंडोज सर्व्हर २०१९ वर एसक्यूएल २०१४ आणि एससीसीएम २२११ ही बसायला चालणारी जागा होती. तिथं रात्र काढता येते. एसक्यूएलच्या मध्यावर रात्र काढता येत नाही. म्हणून कागद काढला, त्यावरची ४ ची वेळ दाखवली, आणि थांबलो. सर्व्हिसेस उठवल्या, आयआयएस बघितलं, मॅनेजमेंट पॉइंट (पीसी ज्याच्याशी बोलतात तो रोल) उत्तर देतोय ते बघितलं, डब्ल्यूससचा रोल परत टाकून पहिला लांबलचक सिंक रात्रभर लावून दिला आणि घरी.

रविवारी सकाळी एसक्यूएल. सर्व्हिसेस परत बंद, डेटाबेसचा ताजा बॅकअप चेकसमसह, मशीन बंद करून परत एक एक्सपोर्ट, मग सेटअप. काही झालं नाही. म्हणजे चांगल्या अर्थानं काही झालं नाही. १ च्या बऱ्याच आधी रिपोर्टिंग पण उभं राहिलं. एसक्यूएलची मेमरी मर्यादा तपासली, कारण एकाच मशीनमध्ये असताना मर्यादा नसेल तर एसक्यूएल सगळी रॅम खाऊन बसतो. कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कुठल्या वर्जनसारखा वागतो ते) मात्र अपग्रेडनंतर १२० वरच राहतो, आपोआप १५० होत नाही, आणि तो त्या दिवशी मुद्दाम बदलला नाही. एका दिवसात एकच बदल, म्हणजे सोमवारी काही हळू वाटलं तर संशय कोणावर घ्यायचा ते माहीत असतं.

दुसरा टप्पा: एससीसीएम

याची तयारी खरं तर आधीच सुरू केलेली. २४०३ पासून क्लायंटशी बोलणं एचटीटीपीएस किंवा एन्हान्स्ड एचटीटीपीवर (दोन्ही सुरक्षित जोडण्या) हवं, साधं एचटीटीपी चालत नाही, म्हणून एन्हान्स्ड एचटीटीपी बरंच आधी चालू करून पीसी नीट बोलतायत ना ते बघून ठेवलं. ओडीबीसी ड्रायव्हर १८ (डेटाबेसशी जोडणारा) टाकला, २३०९ पासून तो लागतोच. एडीके (इमेज टाकायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) आणि त्याचं विंडोज पीई अ‍ॅड-ऑन नवीन केलं.

अपडेटचं डाउनलोड मात्र दिवसभर 'डाउनलोडिंग' वरच. एका मुलानं रीसेट टूल चालवायला घेतलं. म्हटलं थांब जरा, आधी डीएमपीडाउनलोडर लॉग बघ. लॉगमध्ये सर्टिफिकेटच्या चुका, कारण फायरवॉल वाटेत बसून एसएसएल (सुरक्षित जोडणी) उघडून बघत होता. फायरवॉलवाल्याला फोन लावला, मायक्रोसॉफ्टचे ते पत्ते त्या तपासणीतून वगळले, डाउनलोड सुटलं. रीसेट केलं असतं तर परत तिथंच येऊन अडकलं असतं. कामाचा दिवस घ्यायचं ठरवलेलं ते इथं कामी आलं.

गणपती गेल्यावरच्या एका गुरुवारी, शाखांचं डे-एंड झाल्यावर इन्स्टॉल सुरू केलं. प्री-रेक्विझिट चेक दिवसाच करून घेतलेला. सुरुवातीच्या पायऱ्या भराभर हिरव्या झाल्या आणि मग डेटाबेस अपग्रेडच्या पायरीवर कन्सोल गप्प. अर्धा तास. मग अजून. साहेब खुर्चीतून उठून मॉनिटरसमोर आले, "अडकलंय वाटतं, रीस्टार्ट मारूया का?"

हा असा क्षण आहे की जिथं बरीच साइट मरतात. कन्सोल त्या वेळी विश्वासाचं नसतं, तो स्वतः त्याच डेटाबेसमधून वाचत असतो. सीएमअपडेट लॉग उघडला, शेवटची ओळ दोन मिनिटांपूर्वीची. एसक्यूएलच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये क्वेरी चालू, कोणी कोणाला अडवून बसलेलं नाही, डिस्क लिहितेय. म्हणजे काम चाललंय, फक्त बोलत नाहीये. ठरवलं की जोपर्यंत लॉग पुढं सरकतोय तोपर्यंत कोणी माउसला हात लावायचा नाही. चहा आला, परत चहा आला, आणि साडेनऊच्या सुमारास पायरी हिरवी झाली. पुढचं सगळं लवकर उरकलं.

मग पहिलं काम काय, तर अपग्रेडआधी काढून ठेवलेली डिप्लॉयमेंटची आणि मेंटेनन्स विंडोची यादी परत काढून दोन्ही एकमेकांशेजारी लावणं. हिरवी टिक नंतर बघितली. याद्या जुळल्या. पॅचच्या डिप्लॉयमेंट एकदम चालू केल्या नाहीत, आधी ईडीपीचे स्वतःचे पीसी, मग विश्रामबाग शाखा, दुसऱ्या दिवशी बाकीच्या.

शाखांतले क्लायंट

सर्व्हर वर गेला तरी पीसीवरचा क्लायंट जुनाच असतो आणि तो काही दिवस चालतो, घाई नसते. आधी प्री-प्रॉडक्शन (चाचणीचा) क्लायंट ईडीपीच्या आणि विश्रामबागच्या पीसींवर. मग आपोआप अपग्रेड चालू केलं आणि दिवस वाढवून पसरून दिले. जत-आटपाडीकडच्या शाखा वगळणाऱ्या कलेक्शनमध्ये टाकल्या, कारण तिथली लाइन दुपारी आधीच दम खाते. त्या शाखांत शेवटी एका पीसीवर पीअर कॅश चालू केला, म्हणजे एकदा आलेलं पॅकेज शेजारच्यांनी तिथूनच घ्यायचं. एका शाखेत मॅनेजर मॅडमनी फोन करून विचारलं, "आमच्या पीसीचं काय करायलाय तुम्ही, फॅन जोरात फिरतोय." तेवढीच एक तक्रार.

निकाल

शेरा बंद झाला. कम्प्लायन्स रिपोर्टमध्ये तिन्ही वर्जन, तारखा आणि स्क्रीनशॉट जोडून. काउंटर एक मिनिट थांबलं नाही, पण ते तसं थांबणारच नव्हतं. कम्पॅटिबिलिटी लेव्हल नंतर सवडीनं १५० केला, काही फरक जाणवला नाही, रिपोर्ट थोडे लवकर येतात असं मुलं म्हणतात, मी मोजलेलं नाही. रोजच्या बॅकअपची प्रत आता दुसऱ्या मशीनवर जाते.

दोन्ही एक्सपोर्ट लगेच पुसले नाहीत, पण साहेबांना सांगून ठेवलं की त्यांचा उपयोग रोज कमी होत जातो. क्लायंट रोज इन्व्हेंटरी आणि स्टेट मेसेज पाठवतात, आणि जुनी प्रत उठवली तर तिला मधलं काहीच माहीत नसतं. एका मर्यादेनंतर पुढं जाऊन दुरुस्त करणंच सोपं पडतं.

परत करायचं झालं तर

तालीम शनिवारी घ्यावी, म्हणजे खऱ्या कामाच्या वारी. स्टोरेजवर त्या दिवशी दुसरं काय चालतं ते तेव्हाच दिसतं. चेकलिस्टमध्ये इतर सर्व्हरच्या बॅकअपच्या वेळा पण लिहाव्यात.

डब्ल्यूससचा नवा रिकामा डेटाबेस घेणं बरोबर होतं पण ते महिनाभर आधी, वेगळं काम म्हणून उरकता आलं असतं. विनाकारण त्या दोन दिवसांत कोंबलं, आणि पहिल्या सिंकला लागलेला वेळ बघता शनिवारी ओएसला उशीर झाला नसता तर तो सिंक एसक्यूएलच्या वेळेवर आला असता.

डिप्लॉयमेंटची यादी हातानं काढली. पॉवरशेलनं दर महिन्याला आपोआप निघायला हवी, आता तशी निघते. 'ऑल अननोन'वरचा तो टास्क सिक्वेन्स इतकी वर्षं तिथं होता याचं कारण एवढंच की यादी कोणी बघतच नव्हतं.

आणि त्याच मशीनवर अपग्रेड की नवीन मशीन, यावर माझं मत अजून नव्या मशीनकडंच झुकतं. या वेळी मुदत आणि माणसं बघता पहिला पर्याय घेतला, चालला. पण या मशीनवरच्या विंडोज सर्व्हर २०१९ चा सपोर्ट ९ जानेवारी २०२९ ला संपतो आणि एसक्यूएल २०१९ चा ८ जानेवारी २०३० ला, म्हणजे पुढच्या वेळी पण ओएसच आधी गळ्याशी येणार. तेव्हा नवीन मशीन, तेच नाव आणि साइट रिकव्हरी, असं साहेबांनी आत्ताच बजेटच्या टिपणात लिहून ठेवलंय. त्यांची रिटायरमेंट त्याच्या आधी आहे, म्हणून ते टिपण दोन्ही मुलांच्या फोल्डरमध्ये पण टाकलंय.